चोविसावा ठिपका

प्रति,
मा. तपासणी अधिकारी साहेब,
वृद्धनिवास तपासणी कक्ष,
सोलापूर.

अर्जदार : प्रभुलिंग सिद्रामप्पा बिराजदार, वय ७८, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, राहणार खोली क्र. ७, निवांत वृद्धनिवास, शुक्रवार पेठ, सोलापूर.

विषय : सिस्टर रुपाली बाळासो कोळेकर यांना ३० नोव्हेंबरनंतर कामावरून कमी करू नये, आणि तोपर्यंत निदान लसूण सोलण्याच्या कामातून मोकळे करावे, याबाबत.

संदर्भ : १) आपली समक्ष तपासणी, सोमवार दि. २७ ऑक्टोबर २०२५.
२) आपली नोटीस, दि. ६ नोव्हेंबर २०२५.
३) निवासी बिरुदेव यांची फाटकावरील मोजणी (तोंडी), रोज संध्याकाळी.

महोदय,

१. वरील विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने चौतीस वर्षे सरकारी कागद लिहिले आणि त्यांत 'मी' हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. कागदावर 'मी' आला की काम अडते, असा अनुभव आहे. म्हणून या अर्जातही अर्जदार स्वतःस अर्जदारच म्हणेल. त्याच न्यायाने, २७ ऑक्टोबरला तपासणीस आलेले अधिकारी म्हणजे आपण स्वतःच, हे पक्के ठाऊक असूनही त्यांचा उल्लेख 'सदर अधिकारी' असा केला आहे. एखाद्याची फजिती त्याच्याच तोंडावर सांगायची तर मधे एवढा आडपडदा असावा.

२. निवांत वृद्धनिवासात आम्ही तेवीस म्हातारी माणसे राहतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत येथील औषधोपचाराची पद्धत अशी होती, की ज्याला मोठ्याने कण्हता येई त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेत, आणि ज्याला कण्हणे जमत नसे तो राहून जाई. मग सिस्टर रुपाली आल्या. त्या नर्सिंगची पदवी घेऊन वर दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम शिकलेल्या आहेत. म्हणजे माणूस तपासायचा, दुखणे ओळखायचे, डॉक्टरांनी आखून दिलेल्या हद्दीत औषध कमीजास्त करायचे, आणि हद्द संपली की वेळ न दवडता वर पाठवायचे, एवढे त्यांना येते.

पहिल्याच आठवड्यात सिस्टरांनी सगळ्यांच्या गोळ्यांच्या पिशव्या व्हरांड्यातल्या कट्ट्यावर ओतायला लावल्या. तेव्हा असे उघड झाले की निवासी ज्ञानबा हे रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी घेत होते. एक मंगळवेढ्याच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी सोलापूरच्या. ज्ञानबा सहा महिने भिंत धरून चालत होते. विचारले तर म्हणाले, "मला वाटलं, म्हातारपण म्हंजे अशीच गरगर आसती की." सिस्टरांनी डॉक्टरांना फोन करून एक गोळी बंद केली. आता ज्ञानबा तलावापर्यंत चालत जाऊन येतात आणि येताना शेंगाचटणीची पुडी बंडीत लपवून आणतात, तो भाग वेगळा.

गेल्या चौदा महिन्यांत येथून एकाही निवाशाला रुग्णवाहिकेतून न्यावे लागलेले नाही. तपासणी नमुन्यातील 'रुग्णवाहिका फेऱ्या' हा रकाना त्यामुळे कोरा राहिला. त्यावर सदर अधिकाऱ्यांनी 'माहिती अपूर्ण' असा शेरा मारला आहे. माहिती पूर्ण करण्यासाठी कोणाला न्यावे, याची निवाशांत चर्चा झाली. पण कोणी पुढे आले नाही.

३. आता ठिपक्याविषयी. म्हातारा माणूस गोळी घेऊन विसरतो आणि दुसरी मागतो, किंवा घेतच नाही आणि घेतली म्हणून शपथ वाहतो. वहीत लिहून उपयोग होईना, कारण वही सिस्टरांकडे आणि माणूस अंगणात. यावर तोडगा काढला तो बिरुदेव यांनी. बिरुदेव यांनी साठ वर्षे मेंढरे राखली. ते सिस्टरांना म्हणाले, "मेंढराला औषिद पाजलं की ठिपका लावल्याबिगर आमी सोडत न्हाय. न्हाईतर एकच मेंढरू दोनदा पितंय आन दुसरं तसंच ऱ्हातंय. तुमची ही मेंढरं तर बोलत्यात, लई खोटं बोलत्यात. ठिपका लावा."

तेव्हापासून सकाळची गोळी पोटात गेली की डाव्या भुवईच्या वर हळदीचा ठिपका लागतो. (आधी तो कपाळाच्या मध्यभागी होता, विभूती लावणाऱ्या आमच्यासारख्यांची अडचण झाली म्हणून बाजूला सरकवला.) ज्याची उपाशीपोटी साखर तपासायची राहिली आहे त्याला बुक्क्याचा काळा. ज्याचा रक्तदाब चढा आहे, त्याला कुंकवाचा लाल. लाल ठिपक्याच्या माणसाने पुन्हा मोजणी होऊन ठिपका पुसला जाईपर्यंत फाटकाबाहेर जायचे नाही. फाटकावर स्वतः बिरुदेव काठी घेऊन बसतात आणि संध्याकाळी माणसे आत मोजून घेतात.

निवासी अंबुबाई यांना प्रथम लाल ठिपका लागला तेव्हा त्यांनी हरकत घेतली होती. "माज्या कपाळी आता कुकू कसं चालंल गं?" सिस्टर म्हणाल्या, हे कुंकू देवाचं नाही, दवाखान्याचं आहे. एकोणतीस वर्षांनी अंबुबाईंच्या कपाळाला कुंकू लागले ते रक्तदाबाच्या कृपेने. त्या दिवशी त्या तीनदा आरशात पाहून आल्या. तेव्हापासून त्या मधूनमधून ज्ञानबांच्या खारट शेंगाचटणीत मुद्दाम वाटा मागतात, असा सिस्टरांचा संशय आहे.

४. दि. २७ ऑक्टोबर रोजी मंद्रूपहून एक नवे निवासी दाखल व्हायचे होते. (ते शेवटी आलेच नाहीत.) सकाळी दहाच्या सुमारास सदर अधिकारी अचानक तपासणीसाठी आले. अचानकपणा राखण्यासाठी त्यांनी गाडी लांब लावली, उन्हातून चालत आले, ओळखपत्र खिशात ठेवले, चपला दाराशी काढल्या आणि घाम पुसत बाकावर बसले. तो बाक ठिपक्याच्या रांगेचा होता. सदर अधिकारी बरोबर अंबुबाई आणि ज्ञानबा यांच्या मधे बसले होते.

रांग सरकली तसे सदर अधिकारीही सरकले. सिस्टरांनी त्यांना मंद्रूपचे पाहुणे समजून दंडाला पट्टा बांधला. ते बोलू लागले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "बोलू नका आजोबा, बोललं की आकडा वाढतोय." सदर अधिकारी चोपन्न वर्षांचे आहेत. नोटिशीमागचा खरा राग या 'आजोबा' शब्दाचा असावा, असा अर्जदाराचा अंदाज आहे. परंतु तो मुद्दा नोटिशीत नमूद नसल्याने त्यावर खुलासा देता येत नाही.

आकडा आला २०६ वर ११८. सिस्टरांनी पाच मिनिटे शांत बसवून दुसऱ्या दंडावर पुन्हा मोजले. २०४ वर ११६. डोके दुखते का, विचारले. "सकाळपासून जरा ठणकतंय, डोळ्यापुढं काजवे येतात," असे सदर अधिकारी म्हणाले आणि मग आठवण होऊन म्हणाले, "पण मी इथं साहेब म्हणून आलोय." यावर सिस्टरांनी कुंकवात बोट बुडवले. "हितं येणारे सगळेच पहिल्या दिवशी साहेब असतात," एवढेच त्या बोलल्या आणि ठिपका लावला. यात उपमर्द नव्हता. अर्जदार स्वतः पहिल्या दिवशी आवक-जावक टेबल कुठे आहे म्हणून विचारत फिरला होता.

पुढचा प्रकार आपल्याला माहीत आहे. सिस्टरांनी येथे भेटीवर येणाऱ्या डॉक्टर मंजुनाथ यांना फोन लावला आणि रिक्षा बोलावली. तेवढ्यात सदर अधिकारी फायली घेऊन फाटकाकडे निघाले. बिरुदेवांनी काठी आडवी धरली. सदर अधिकाऱ्यांनी ओळखपत्र काढून दाखवले. बिरुदेवांना वाचता येत नाही; त्यांनी फोटो पाहिला, कपाळ पाहिले आणि म्हणाले, "फोटूत ठिपका न्हाय. आता हाय. मागं फिरा." रिक्षा येईपर्यंतच्या वीस मिनिटांत स्वयंपाकीण बजाबाई यांनी माया येऊन त्यांना वाटीभर अळणी आमटी पाजली. मग सिस्टर रिक्षात शेजारी बसून त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. तेथे त्यांना तीन दिवस ठेवून घेतले. आणखी तासभर उन्हात फिरले असते तर मेंदूत रक्तस्राव झाला असता, असे तेथील डॉक्टर म्हणाल्याचे समजते.

५. सदर अधिकारी दवाखान्यातून सुटल्यावर आठवड्याभरात नोटीस आली. तीत सिस्टरांवर चार ठपके आहेत : अधिकार नसताना लोकसेवकाची तपासणी करणे, लोकसेवकाच्या कपाळास रंगीत पदार्थ लावणे, लोकसेवकास अडवून ठेवणे, आणि लोकसेवकास मीठ नसलेला आहार देणे. पहिले दोन मान्य आहेत. तिसरा बिरुदेव यांचा आणि चौथा बजाबाईंचा आहे. त्या दोघांनी आपापला ठपका आपापल्या नावावर करून मिळावा अशी तोंडी विनंती केली आहे. बजाबाई म्हणतात, "मीठ घालून दिली आसती तर म्या पाप केलं आसतं, हे सायबास्नी कळवा." कळवले आहे.

६. नोटिशीतील मूळ घोळ रकान्याचा आहे. कर्मचारी तक्त्यात 'डॉक्टर' असा एक रकाना आहे आणि 'परिचारिका' असा एक. नर्स प्रॅक्टिशनर या दोन्हींच्या मधे बसतो, आणि मधे नुसती रेघ आहे. रेघेवर माणूस बसवता येत नाही, हे अर्जदार मुख्य लिपिक या नात्याने मान्य करतो. म्हणून कक्षातील लिपिकाने सिस्टरांना तिसऱ्या रकान्यात टाकले : 'इतर (स्वयंपाकी, माळी, पहारेकरी)'. नोटिशीत पुढे म्हटले आहे की सिस्टरांनी ३० नोव्हेंबरपर्यंत 'इतर' वर्गाचीच कामे करावीत आणि त्यानंतर त्यांना कार्यमुक्त करावे. ३० तारखेस रविवार आहे, हेही नजरेस आणून देण्यात येते.

व्यवस्थापक रावजी हे भिडस्त गृहस्थ असून लेखी आदेशाला फार भितात. त्यांनी त्याच दिवशी सिस्टरांना स्वयंपाकघरात नेले आणि लसूण दिला. सिस्टरांनी तो सोलला. त्यांना लसूण सोलताना पाहून ज्ञानबा रडले. हळदीकुंकवाचे डबे देव्हाऱ्यापाशी परत गेले.

रविवार, ९ नोव्हेंबरला दुपारी चारच्या सुमारास अंबुबाईंच्या अंगाला दरदरून घाम सुटला आणि हातपाय कापू लागले. इन्सुलिन घेऊन त्या जेवल्या नव्हत्या. "डोळ्यापुढं अंदारी आलीया," म्हणाल्या आणि खाली बसल्या. डॉक्टर मंजुनाथ यांचा फोन लागेना. सिस्टर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. औषध देण्यास त्यांना मनाई होती. त्यांनी बजाबाईंना मोठ्याने विचारले, "बजाबाई, साखर औषध आहे का किराणा?" बजाबाई म्हणाल्या, "किराणा की!" मग 'इतर' वर्गातील कर्मचारी या नात्याने सिस्टरांनी पेलाभर साखरपाणी पाजले, पंधरा मिनिटांनी आणखी एक पेला, आणि अंबुबाई सावरल्यावर दूधभाकरी. शिधावहीत या तीनही वस्तूंची वेळेसह नोंद आहे.

त्या दिवसापासून या वृद्धनिवासाचा दवाखाना स्वयंपाकघरातून चालतो. रक्तदाबाचे यंत्र धान्याच्या तराजूखाली भांडीकुंडी रजिस्टरात चढवले आहे. थर्मामीटर झाऱ्याच्या शेजारी टांगला आहे. रोजच्या जेवणाच्या फळ्यावर 'ज्ञानबा : मोजणी, अर्धी भाकरी, पाय उशीवर' असा बेत लिहिला जातो. सिस्टर भिंतीकडे तोंड करून सांगतात आणि बजाबाई करतात. बजाबाईंना आता छातीतली घरघर ऐकून ओळखता येते. परवा त्यांनी भाजीवाल्यालाही खोकायला लावले. हे असेच चालले तर तीन महिन्यांत आपल्याला त्यांच्यावरही नोटीस काढावी लागेल.

७. नोटिशीत असेही सुचवले आहे की निवाशांची तपासणी भेटीवर येणाऱ्या डॉक्टरांनीच करावी. डॉक्टर मंजुनाथ हे भले गृहस्थ आहेत. ते पहिल्या व तिसऱ्या गुरुवारी अकरा ते अकरा चाळीस या वेळात येतात. त्यानुसार निवाशांच्या सभेत ठराव झाला की सर्वांनी यापुढे त्याच वेळेत आजारी पडावे. ज्ञानबांची धाप अकरा पाच, अंबुबाईंची साखर अकरा दहा, असे वेळापत्रकही अर्जदाराने सुवाच्य अक्षरात करून दिले. ते एकाही दुखण्याने पाळले नाही.

डॉक्टरांचे लेखी आदेश काढून पाहावेत म्हणून अर्जदाराने दोन वर्षांच्या चिठ्ठ्या चाळल्या. बहुतेक चिठ्ठ्यांच्या तळाशी डॉक्टरांच्या हस्ताक्षरात एकच ओळ आहे : 'पुढे सिस्टर सांगतील तसे करावे.' म्हणजे नोटिशीप्रमाणे सिस्टरांनी डॉक्टरांचे ऐकायचे आणि डॉक्टरांच्या आदेशाप्रमाणे सिस्टरांचे ऐकायचे. ही नस्ती कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाणार, हे अर्जदारास चौतीस वर्षांच्या अनुभवानंतरही सांगता येत नाही.

८. येथे अर्जदार आपला नियम मोडत आहे. काम अडायचे असेल तर अडो.

माझी पत्नी शिवबाई माझ्याबरोबर खोली क्र. ७ मध्ये असते. तिचे माहेर अक्कलकोटच्या पलीकडचे. तीन वर्षांपासून तिला विसर पडत गेला. आधी मराठी गेली, मग मुले गेली, मग मी गेलो. आता ती फक्त कानडी बोलते आणि रोज सकाळी मला फार अदबीने विचारते, "नीव यार्री?" म्हणजे, आपण कोण? मी रोज उभा राहून नाव, वय आणि हुद्दा सांगतो. ती मान डोलावते. पण माझ्या हातची गोळी घेत नाही, पाणीही घेत नाही. परक्या पुरुषाच्या हातचे कसे घ्यावे, अशा नजरेने बघते. एकावन्न वर्षांच्या संसारानंतर हे बघणे सोपे नाही, साहेब.

सिस्टरांनी यावर युक्ती काढली होती. त्या आधी शिवबाईसमोर मला गोळी देत, माझ्या भुवईवर हळदीचा ठिपका लावत, आणि मगच तिची गोळी माझ्या हातात देऊन मला पुढे करत. कपाळावर ठिपका आहे म्हणजे माणूस या घरचा आहे, एवढे तिला समजे. ती तोंड उघडे. वर्षभर मी माझ्या हाताने बायकोला गोळी आणि पाणी दिले. हा ठिपका आपल्या नोटिशीने ६ तारखेपासून बंद आहे. रावजींच्या भीतीने मी स्वतःही तो लावून घेऊ शकत नाही. एकदा चोरून लावला. पण सिस्टर शेजारी नव्हत्या, तिने तोंड फिरवले. गेले बारा दिवस ती फक्त सिस्टरांच्या हातून, लसणाच्या वासाच्या हातून, पाणी पिते. ३० तारखेला तेही हात जातील. मला तिची तहान भागवता येणार नाही, याची मला भीती वाटते. ही भीती कोणत्या रकान्यात बसवायची ते आपण बघा.

यापुढे पुन्हा अर्जदार.

९. सबब विनंती की, (क) सिस्टर रुपाली कोळेकर यांना कार्यमुक्त करण्याचा आदेश मागे घ्यावा. (ख) तक्त्यातील रेघेच्या जागी एक रकाना आखावा, पट्टी-पेन्सिल नसल्यास अर्जदार घेऊन येईल. (ग) हळद, कुंकू व बुक्का हे औषधी साहित्य म्हणून पूर्ववत वापरू द्यावे. (घ) बजाबाईंना आमटीकडे लक्ष देता यावे म्हणून दवाखाना स्वयंपाकघराबाहेर काढावा. यातील काहीच शक्य नसेल, तर खालील ता. क. तेवढा वाचावा.

आपल्या उत्तराकडे आणि आपल्या तब्येतीकडे लक्ष लावून असलेला,
आपला नम्र,

(सही)
प्रभुलिंग सिद्रामप्पा बिराजदार
सोलापूर, मंगळवार दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) शिधावहीची प्रत, दि. ९ नोव्हेंबर (साखरपाणी, दोन पेले).
२) डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एकूण एकतीस, तळाची ओळ अधोरेखित.
३) निवाशांच्या सह्या व अंगठे, तेवीस. (शिवबाईंचा अंगठा सिस्टरांनी धरून घेतला.)
४) अभिप्राय वहीतील दि. १ नोव्हेंबरच्या पानाची प्रत. हा अभिप्राय आपल्या सौभाग्यवतींनी येथे येऊन स्वहस्ते लिहिला आहे : 'सिस्टर, तुमचे उपकार. पण हे घरी ताटात वरून मीठ घेतात, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद केली आहे. माझं ऐकत नाहीत. तुम्ही एकदा सांगाल का?'

ता. क. : दवाखान्यातून निघताना सिस्टरांनी आपल्याला दर सोमवारी मोजणीस येण्यास सांगितले होते. त्यांच्या वहीत तेवीस नावांच्या खाली चोविसावे नाव आपले आहे. त्यापुढे ३, १० आणि १७ नोव्हेंबरचे रकाने कोरे आहेत. लसणाच्या पाटीशेजारी ती वही उघडीच असते आणि दर सोमवारी त्या फाटकाकडे बघतात. आपण येथून लाल ठिपक्यानिशी गेलात आणि तो पुसायला परत आला नाहीत. बिरुदेवांना नोटीस वगैरे समजत नाही. ते रोज संध्याकाळी फाटकावर माणसे मोजतात, पुन्हा मोजतात, आणि अंधार पडला तरी कडी लावू देत नाहीत. म्हणतात, "एक कमी भरतोय. लाल ठिपक्याचा हाय. येऊ द्या त्याला."